नायगावचा मोर आणि सरकारचे कारभारीपण



नागरिकशास्त्राच्या तासाला राज्यसंस्थेची कर्तव्ये कोणती, असा प्रश्न विचारला म्हणजे वर्गातून उत्तरे भराभर येऊ लागतात. परचक्रापासून देशाचे रक्षण, चोरांचा बंदोबस्त, न्यायदान, रस्ते, शाळा, दवाखाने. आणि आपला बीड जिल्हा पडला दुष्काळी, म्हणून पिण्याच्या पाण्याचे टँकर. ही सर्व उत्तरे बरोबर आहेत. परंतु पाटोदा तालुक्याच्या डोंगरात एखाद्या लांडोरीने झुडपाच्या आड घातलेली चार-सहा अंडी सुखरूप राहावीत, ही देखील सरकारची जबाबदारी होय, असे उत्तर सहसा कोणी देत नाही. आणि कोणी दिलेच तर बाकीचा वर्ग हसल्यावाचून राहणार नाही. प्रस्तुत लेखात ह्या न दिल्या जाणाऱ्या उत्तराचाच थोडा विचार करावयाचा योजिला आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. आपले संविधान १९५० साली अमलात आले त्या वेळी त्यात रानाच्या अथवा रानातील जीवांच्या रक्षणाविषयी स्वतंत्र अनुच्छेद नव्हता. १९७६ साली बेचाळिसावी दुरुस्ती झाली. तीमुळे अनुच्छेद ४८-क नव्याने दाखल होऊन देशातील पर्यावरण, वने व वन्य जीव ह्यांचे रक्षण करण्याचा भार राज्यावर आला. आणि त्याच दुरुस्तीने आलेल्या ५१-क ह्या अनुच्छेदात नागरिकांच्या कर्तव्यांमध्येही वने, सरोवरे, नद्या व वन्य प्राणी ह्यांचे जतन आणि प्राणिमात्रांविषयी दया ही गणली गेली. ४८-क हे मार्गदर्शक तत्त्व असल्यामुळे केवळ त्याच्या बळावर कोणास न्यायालयात फिर्याद लावता येत नाही. परंतु त्याच्याही चार वर्षे आधी, १९७२ साली, वन्य जीव संरक्षण कायदा झाला होता, व त्यास मात्र चांगले दात आहेत. मोर १९६३ पासून आपला राष्ट्रीय पक्षी असून ह्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचे नाव आहे. त्याची शिकार करणारास निदान तीन व जास्तीत जास्त सात वर्षे कैद, आणि २०२२ च्या दुरुस्तीपासून निदान पंचवीस हजार रुपये दंड सांगितला आहे.

वन्य प्राण्यांचे रक्षण हे राजाचे काम होय, ही कल्पना परकीयांकडून आपल्याकडे आली, असा समज शिकलेल्या लोकांतही आढळतो. तो खरा नाही. सम्राट अशोकाच्या पहिल्या शिलालेखात त्याच्या स्वतःच्या मुदपाकखान्याची हकीकत आहे. पूर्वी तेथे कालवणासाठी रोज लाखो जीव मारले जात. लेख खोदविला त्या वेळी ती संख्या तिनावर आली होती. हे तीन जीव म्हणजे दोन मोर व एक हरिण. त्यातही हरिण नित्याचे नव्हते, आणि पुढे हे तिन्ही मारले जाणार नाहीत असे राजा सांगतो. राज्याभिषेकास सव्वीस वर्षे झाल्यावर लिहविलेल्या त्याच्या पाचव्या स्तंभलेखात तर न मारावयाच्या पशुपक्ष्यांची यादीच आहे, आणि रानास निष्कारण आग लावू नये अशी ताकीदही आहे. उन्हाळ्यात आपल्या डोंगराला जे वणवे लागतात, ते पाहणारास ही ताकीद दोन हजारांहून अधिक वर्षांची जुनी वाटणार नाही.

अशोकाची गोष्ट दूरची वाटत असेल तर मराठेशाहीकडे पाहावे. रामचंद्रपंत अमात्य ह्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाविषयी जे लिहिले आहे, त्यात आंबा, फणस इत्यादी झाडांस हात लावू देऊ नये असे बजावले आहे. कारण हेच की, ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती पोटच्या लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात. झाड जीर्ण झालेले असेल तर धन्यास राजी करून, त्यास द्रव्य देऊन मगच तोडावे. झाडाचे रक्षण आणि रयतेचा हक्क ह्या दोन्ही गोष्टी येथे एकाच वाक्यप्रवाहात आल्या आहेत, हे ध्यानात ठेवावे. कारण पुढे आपणास ह्याच मुद्द्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

आणि आपल्या पवित्र शास्त्रात? अनुवादाच्या विसाव्या अध्यायात शहरास वेढा पडला असताही फळझाडांवर कुऱ्हाड चालवू नये असा निर्बंध आहे, आणि बाविसाव्या अध्यायात वाटेवर आढळलेल्या घरट्याचा कायदा आहे. पिले घेतली तरी आईस सोडून द्यावे, असे तो सांगतो. राष्ट्राच्या कायद्यात एका पाखराच्या घरट्यासाठी दोन वचने खर्ची पडावीत, ही लहान गोष्ट नव्हे. जाता जाता आणखी एक नवल सांगतो. शलमोन राजाची गलबते सोने, रुपे, हस्तिदंत, वानर आणि मोर घेऊन येत, असे पहिल्या राजांच्या दहाव्या अध्यायात आहे. तेथील मूळ इब्री शब्दाचा संबंध तमिळ भाषेतील 'तोगै' ह्या शब्दाशी पुष्कळ भाषापंडित जोडतात. तसे असेल तर आपल्या देशाच्या रानातला हा पक्षी यरुशलेमेत सोन्याच्या पंक्तीस बसत होता म्हणावयाचे!

इंग्रजी अमदानीत कायदे झाले, पण त्यांची नजर मुख्यतः इमारती लाकडाच्या उत्पन्नावर व शिकारीच्या हंगामावर होती. संस्थानिकांची राखीव राने तर बहुधा त्यांच्या स्वतःच्या बंदुकीसाठीच राखलेली असत. त्याचा परिणाम चित्त्याने भोगला. काळवीट ज्या माळावर चरते त्याच माळाचा हा प्राणी. १९५२ साली तो भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर करावे लागले, आणि पुढे सत्तर वर्षांनी, सप्टेंबर २०२२ मध्ये, नामिबिया देशातून आठ चित्ते विमानाने आणून मध्य प्रदेशातील कुनोच्या रानात सोडावे लागले. गमावलेली वस्तू परत आणण्यास किती खर्च व खटाटोप पडतो, ह्याचे एवढे एकच उदाहरण पुरे.

आता रान व रानातील जीव कोणाचे? कायद्याच्या एकोणचाळिसाव्या कलमात बेकायदा मारलेला अथवा मेलेला सापडलेला वन्य प्राणी सरकारची मालमत्ता ठरतो. (जिवंत असताना कोणाचाच नसलेला जीव मेल्यावर सरकारजमा व्हावा, ही थोडी चमत्कारिक गोष्ट आहे खरी.) परंतु खरा उलगडा सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली बियास नदीकाठच्या एका खटल्यात केला. नद्या, वने, हवा, समुद्रकिनारे ह्यांचे राज्य हे मालक नसून जनतेच्या वतीने विश्वस्त आहे, असे तत्त्व त्या निकालाने आपल्या देशात मान्य केले. विश्वस्त म्हणजे आपल्या शुभवर्तमानातील कारभारी. धन्याच्या घरात तो वावरतो, किल्ल्या त्याच्या कमरेला असतात, आणि एके दिवशी धनी हिशेब मागतो. सरकारच्या ह्या कारभारीपणाचा आपल्या जिल्ह्यातला हिशेब कसा आहे, ते पाहू.

बीड जिल्ह्याचे क्षेत्रफळ १०,६९३ चौरस किलोमीटर आहे. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीप्रमाणे देशाचा एकतृतीयांश भाग वृक्षाच्छादित असावा. आपला जिल्हा मात्र राज्यातील अगदी थोडे वन असलेल्या जिल्ह्यांत मोडतो. ह्या उघड्याबोडक्या मुलखात बालाघाटाच्या रांगेवर, पाटोदा तालुक्यात, नायगावचे मयूर अभयारण्य आहे. १९९४ साली ते घोषित झाले व त्याचे क्षेत्र सुमारे ३० चौरस किलोमीटर आहे. म्हणजे जिल्ह्याचे साडेतीनशेहून अधिक सारखे तुकडे केले तर त्यांतील एक तुकडा मोरास मिळाला. तेथे घनदाट अरण्य पाहावयास मिळेल अशा अपेक्षेने जाणारा मनुष्य निराश होतो. काटेरी झुडपे, उन्हाळ्यात पाने झडून जाणारी झाडे, मुरमाड उतार आणि गवत. परंतु मोरास हेच हवे असते. दिवसा तो मोकळ्यावर दाणे, किडे, सरडे, क्वचित लहान सापही टिपतो. रात्री उंच झाडावर बसतो. लांडोर मात्र अंडी भुईवर, झुडपाखालच्या उथळ खळग्यात घालते व सुमारे अठ्ठावीस दिवस एकटीच उबविते. मोर त्या कामात काडीचीही मदत करीत नाही! अंडी भुईवर असल्यामुळे वणवा, मोकाट कुत्री, शेळ्यांचे कळप आणि लाकूडफाट्यासाठी हिंडणारी माणसे ह्या सर्वांचे भय तिला असते. म्हणून मोराचे रक्षण म्हणजे बंदुकीवाल्यास पकडणे एवढेच नसून, पावसाळ्याचे ते चार आठवडे डोंगराचा तो भाग निवांत ठेवणे होय.

मोरपिसांचेही एक कोडे आहे. पावसाळा सरताना मोराची पिसे आपोआप गळतात, म्हणून कायद्याने देशातल्या देशात त्यांच्या विक्रीस सूट दिली आहे. परदेशी पाठविण्यास मात्र बंदी आहे. परंतु बाजारात आलेले पीस गळलेले की उपटलेले, हे कोण पाहतो? गळलेल्या पिसाचे बूड कोरडे व स्वच्छ असते, उपटलेल्याच्या बुडाशी रक्ताचा अंश राहतो. यात्रेत पिसे घेताना ही खूण ठाऊक असलेली बरी.

अभयारण्य ह्या शब्दाचा अर्थ भय नसलेले अरण्य. पण घोषणा झाली म्हणजे भय गेले असे होत नाही. ह्याचा धडा आपल्या शेजारीच, सोलापूर व अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) ह्या जिल्ह्यांत मिळतो. १९७९ साली तेथे माळढोक पक्ष्यासाठी ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले, म्हणजे आपल्या सबंध बीड जिल्ह्याच्या जवळजवळ चारपंचमांश! त्यात गावे आली, पिकाऊ शेते आली, तालुक्यांची ठाणी आली. घर बांधणे, जमिनीची खरेदी-विक्री करणे अशा साध्या गोष्टींस अडचण पडू लागली आणि ज्या पक्ष्यासाठी हे सारे झाले त्याचा लोकांस राग येऊ लागला. इकडे कालव्यांचे पाणी आले, माळ फुटले, ऊस उभा राहिला. वर्षातून बहुधा एकच अंडे, तेही उघड्या माळावर, घालणारा हा भारी पक्षी कमी कमी होत गेला. शेवटी गेल्या दशकाच्या आरंभी अभयारण्याचे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. तोपर्यंत नान्नजच्या माळावरील माळढोक बोटांवर मोजण्याइतके उरले होते. ज्याने कागदावर फार मोठी रेघ ओढली, पण रेघेच्या आतल्या रयतेशी बोलणे केले नाही, गवताची निगा राखली नाही, त्या कारभाऱ्याच्या हाती ना रयतेचा संतोष लागला, ना पक्षी.

वास्तविक कायद्यात ह्याचा बंदोबस्त सांगितला आहे. अभयारण्याचा इरादा जाहीर झाला म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांनी गावोगाव जाहीरनामा लावावा, लोकांचे चराईचे, वहिवाटीचे हक्क ऐकून घ्यावेत, ज्याचा हक्क खरा त्याची जमीन वगळावी किंवा मोल देऊन घ्यावी. आणि शक्य तर हे काम दोन वर्षांत संपवावे. अमात्यांनी जीर्ण झाडासाठी जी रीत घातली, तीच ही. ती पाळली गेली नाही म्हणजे तंटे पिढ्यान् पिढ्या चालतात.

आता दुसरी बाजू. रानातला जीव अभयारण्याची हद्द ओळखत नाही. आष्टी, शिरूर, गेवराई ह्या भागांत हरिणांचे कळप ज्वारी-हरभऱ्याच्या शेतांत उतरतात. रानडुकरे एका रात्रीत भुईमुगाचा फडशा पाडतात. नोव्हेंबर २०२० च्या अखेरीस तर आष्टी तालुक्यात एका बिबट्याने थोडक्या दिवसांत एका मुलासह काही माणसांचे बळी घेतले. कापूस वेचणी व तुरीच्या राखणीस जाण्यास माणसे धजेनात. पिंजरे लावले, शोधपथके आली. अखेर डिसेंबरात शेजारच्या करमाळा तालुक्यात त्यास गोळी घालण्यात आली. कायद्याच्या अकराव्या कलमान्वये मनुष्याच्या जिवास धोका झालेल्या प्राण्यास मारण्याची परवानगी राज्याचे मुख्य वन्यजीवरक्षक देऊ शकतात. ज्यास पकडता किंवा बेशुद्ध करता येत नाही, त्याच्याच बाबतीत ती द्यावयाची असते. काही दयाळू मंडळींस हे रुचले नाही. मला वाटते, ज्या घरचे लेकरू गेले त्या घरासमोर उभे राहून त्यांनी ते मत बोलून पाहावे. सरकार दोघांचाही कारभारी आहे. वन्य प्राण्याच्या हल्ल्यात दगावलेल्या मनुष्याच्या कुटुंबास द्यावयाची रक्कम राज्य सरकारने २०२३ साली पंचवीस लाख रुपये केली, हे योग्यच झाले. मात्र पिकाच्या नुकसानीचा पंचनामा वेळेवर होत नाही, आणि झाला तरी हाती पडणारी रक्कम बियाण्याच्या खर्चासही पुरत नाही, अशी तक्रार शेतकरी पालकांकडून वारंवार ऐकू येते. हरिणाचे पोट भरण्याचा सगळा खर्च एकट्या कोरडवाहू शेतकऱ्याने का सोसावा? हरिण सर्व देशाचे असेल तर त्याचा घासही सर्व देशाच्या खजिन्यातून गेला पाहिजे.

ह्याहून अवघड प्रश्न माळरानाचा आहे. अरण्य तोडावयाचे तर १९८० च्या कायद्याने केंद्र सरकारची संमती लागते. गवताळ माळास, तो वनखात्याकडे नसेल तर, असा आधार नाही. दप्तरात त्याची नोंद बहुधा 'पडीक' अशी असते. लांडगा, खोकड, काळवीट, चिंकारा, तितर, चंडोल ह्यांच्या घरास सरकारदरबारी पडीक हे नाव! अशा माळांवर आज दोन प्रकारचे हक्कदार उभे आहेत. एक भूमिहीन कुटुंब. मराठवाड्यात गायरान कसून पोट भरणारी हजारो घरे आहेत, त्यांत आपल्या समाजाची व इतर दलित बांधवांची घरे पुष्कळ आहेत. १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची अतिक्रमणे कायम करण्याचा निर्णय सरकारने १९९१ साली घेतला, तो मोठ्या लढ्यानंतर. दुसरा हक्कदार नवा आहे. पाटोदा-आष्टीच्या पठारांवर पवनचक्क्यांची पाती फिरताना आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्यांच्यामागून सौरपट्ट्या व विजेच्या उंच तारा आल्या. धूर न सोडणारी वीज हवी, ह्यात शंका नाही. परंतु माळढोकासारखा भारी पक्षी समोरची तार वेळेवर पाहू शकत नाही व तिच्यावर आदळून मरतो. म्हणून राजस्थान व गुजरातेतील तारा जमिनीखालून नेण्याविषयी सर्वोच्च न्यायालयास २०२१ साली आदेश द्यावा लागला, आणि तो सरसकट अमलात येणे कठीण म्हणून २०२४ साली त्यात फेरफार करून तज्ज्ञांची समिती नेमावी लागली. दोन चांगल्या गोष्टींचा झगडा असला म्हणजे असेच व्हावयाचे.

ह्या झगड्यात हरिणाचा कैवार घेऊन गरिबाचे दोन एकर काढून घेणे सर्वांत सोपे असते, कारण त्याच्यापाशी वकील नसतो. त्यात मला न्याय दिसत नाही. आधी मोठ्या जागांचा हिशेब लागावा: कोणता माळ गवतासाठी कायम राखावयाचा, कोठे चक्क्या उभ्या करावयाच्या, कोठे कुळास पट्टा द्यावयाचा, हे एकदाचे नकाशावर ठरावे आणि ग्रामसभेस विचारून ठरावे. तशी सोयही कायद्यात आहे. २००२ च्या दुरुस्तीने संवर्धन राखीव क्षेत्र व समुदाय राखीव क्षेत्र असे दोन नवे प्रकार आले. त्यांच्या समित्यांवर पंचायतीची माणसे बसतात, आणि लोकांच्या वहिवाटीस अभयारण्याइतकी बाधा येत नाही. बीडसारख्या जिल्ह्यास, जेथे मोठे अरण्य नाही पण तुकड्यातुकड्याने माळ आहे, ही रीत अधिक मानवेल असे वाटते.

माळाचा व पाण्याचा संबंध सांगितल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. मांजरा नदी पाटोदा तालुक्याच्याच डोंगरात उगम पावते. २०१६ साली तिचे धरण आटले व लातूरकरांस मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. त्याचे मुख्य कारण अवर्षण, हे खरे. तथापि गवत असलेल्या उतारावर पडलेला पाऊस मुरतो आणि उघड्या मुरमावरचा पाऊस माती घेऊन धावत सुटतो, हे पाहण्यास इंजिनियर व्हावे लागत नाही. पहिल्या वळवात ओढ्याचा रंग पाहिला म्हणजे झाले. लांडोरीस जे गवत हवे, तेच विहिरीसही हवे.

सुटीत गावी गेल्यावर विद्यार्थ्यांनी एक काम करावे. गावच्या तलाठ्यांकडे, ज्यांस आता ग्राममहसूल अधिकारी म्हणतात, गाव नमुना एक-अ ही वनजमिनींची नोंदवही व एक-ई ही अतिक्रमणांची नोंदवही असते. नम्रपणे विनंती करून ती पाहावी. नकार मिळाल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने वडीलधाऱ्यांकडून अर्ज करवावा. मग ते गट क्रमांक घेऊन आजोबांस बरोबर न्यावे आणि प्रत्यक्ष जागेवर उभे राहून विचारावे, येथे पूर्वी काय होते, कोणती गुरे चरत, कोणते पाखरू ओरडे. उत्तरे वहीत लिहून आणावीत. जून महिन्यात आपण ती वर्गात नकाशावर मांडू.